साडूंची हरकत

पुण्यातून आजवर जी माणसं स्वतःच्या यंत्रात बसून आकाशात उडाली नाहीत, त्यांतल्या निदान निम्म्यांना जमिनीवर ठेवण्याचं श्रेय माझ्या साडूंना जातं. उरलेल्या निम्म्यांना मुळात उडायचंच नव्हतं, त्यामुळे तिथे साडूंचा नाइलाज झाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि तिथे त्यांच्याकडे काम एकच होतं. दुसऱ्याने आखलेली वस्तू कुठे, कधी आणि किती आवाज करून मोडेल, ते आधी सांगायचं. असल्या कामाने माणसाचा स्वभाव असा होतो, की असल्या स्वभावाच्या माणसालाच ते काम देतात, हे मला अजून उमगलेलं नाही. माझ्या लग्नात मी बोहल्यावर उभा असताना हे गृहस्थ मांडवाच्या खांबाला हात लावून तो किती हलतो ते बघत होते. मला वाटलं, झालं की पुढे येऊन आशीर्वाद देतील. पुढे आले, पण ते मांडववाल्याला शोधत आले.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन इतरांना जगणं नकोसं करतात. साडूंनी एकट्या माणसाने उडायच्या यंत्रांविषयी फुकट सल्ला द्यायला सुरुवात केली. त्याचं झालं असं, की त्यांच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. परदेशातला कोणी इसम पाठीला पंखे बांधून तळ्यावरून भुर्रकन निघून जातो, असा. सगळ्यांनी अंगठे दाखवले, टाळ्या वाजवल्या, एका आजींनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. साडूंनी मात्र साठ ओळींचं उत्तर लिहिलं. हा इसम तळ्यावरूनच का उडतोय, रस्त्यावरून का नाही. एक पंखा थांबला तर तो कोणत्या बाजूला कलंडेल. आणि त्याचं कोणतं हाड आधी मोडेल. ते उत्तर कोणीतरी पुढे पाठवलं, त्याने आणखी पुढे, आणि महिन्याभरात साडूंच्या दारात माणसं यायला लागली. स्वतःच्या हिमतीवर उडू पाहणारे इतके लोक या शहरात असतील असं मला वाटलं नव्हतं. पण संध्याकाळी सहा वाजता ज्याने एकदा सिंहगड रस्त्यावरून गाडी चालवली आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

सल्ल्याची वेळ रविवारी सकाळी नऊ ते अकरा. दारात आधी चपला काढायच्या आणि मग काट्यावर उभं राहायचं. हा काटा म्हणजे एका रद्दीवाल्याने विकायला काढलेला, पोती मोजायचा लोखंडी काटा. साडूंनी तो घासूनपुसून, तेल घालून, खात्रीची वजनं ठेवून पारखून घेतला आणि बाहेरच्या खोलीच्या दारातच बसवला. उडायला आलेला असो, कुरिअरवाला असो, की भाऊबिजेला आलेला मेहुणा असो, काट्यावर चढल्याशिवाय कोणाला सोफा मिळत नाही. वजन एका चिठ्ठीवर लिहून ते ती हातात देतात. "माणूस दोन बाबतींत हमखास खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "एक स्वतःचं वजन, आणि दुसरं 'मला काही घाई नाही' हे." आमची ही त्या काट्यापायी गेली सात वर्षं बहिणीला शक्यतो देवळात भेटते.

चिठ्ठी हातात आली की प्रश्न ठरलेला. "उतरणार कसे?" समोरचा माणूस पंख, पंखे, मोटरी, बॅटरी असं सगळं उत्साहाने सांगत सुटतो. साडू डोळे मिटून ऐकतात आणि तो श्वास घ्यायला थांबला की म्हणतात, "ते झालं. उतरणार कसे?" वर जायचं सगळ्यांनाच सुचतं, त्याला अक्कल लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. हिंजवडीत नोकरीला असलेला एक तरुण घराच्या गच्चीवरून थेट ऑफिसात उडत जायचा आराखडा घेऊन आला होता. लॅपटॉपवर रंगीत चित्रं, त्यावर बाणबिण काढलेले. "काका, टोटल अकरा मिनिट्स. नो ट्रॅफिक." "उतरणार कुठे?" "ऑफिसच्या पार्किंगमध्ये." "तिथे आत्ता गाडी लावायला जागा मिळते तुम्हाला?" तरुणाने लॅपटॉप मिटला. "मिळत नाही ना? मग वर घिरट्या घालणार. बॅटरी किती मिनिटांची म्हणालात?" "अठरा." "अकरा गेली, सात उरली. सात मिनिटांत हिंजवडीत पार्किंग मिळवून दाखवा, मी स्वतःच्या हाताने तुमचे पट्टे बांधून देतो." तो बिचारा चहा न घेताच गेला. हल्ली म्हणे घरूनच काम करतो.

लोणी काळभोरच्या एका बागायतदारांना आपल्या उसावर वरून नजर ठेवायची होती. ते काट्यावर उभे राहिले आणि चिठ्ठीवर एकशे नऊ आलं. साडूंनी त्यांच्या गळ्यातल्या सोन्याच्या गोफांकडे पाहिलं. "हे काढून परत उभे राहा." "ते न्हाय निघायचं." "अहो, उडताना काढावंच लागेल. फुकटचं वजन." बागायतदारांना खरंच नवल वाटलं. "सोनं काढून उडायचं? मग वर जाऊन उपेग काय? खालनं लोकांना दिसाया नको व्हय, कोण चाललंय त्ये?" इतका सरळ हेतू साडूंनी त्याआधी ऐकला नव्हता. त्यांनी हरकत घ्यायची ती घेतलीच, पण माणूस त्यांना आवडून गेला. बागायतदारही खूश होते. "आजवर मला कुणी न्हाय म्हणलं न्हवतं. ह्यो पयला माणूस हाय," असं ते जिन्यात मला म्हणाले, आणि तेव्हापासून दर हंगामाला गुळाची एक ढेप सहकारनगरला येऊ लागली.

ही हरकत लेखी असते. वजनाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला "हरकत आहे" असं लिहून खाली कारणं, आणि त्याखाली तारीख घालून सही. कारणं कधीच उडवाउडवीची नसतात. एकदा एका डॉक्टरांना त्यांनी तेवीस कारणं लिहून दिली आणि चिठ्ठी पुरेना म्हणून पुरवणी जोडली. अशा शेकड्याने चिठ्ठ्या पुण्यात घरोघरी पडून असतील. "हरकत नाही" अशी चिठ्ठी मात्र त्यांनी कधी कोणाला लिहून दिली नव्हती. लोक चिडायचे, पाठीमागे वाटेल ते बोलायचे, पण दुसऱ्या खेपेला सुधारलेला आराखडा घेऊन पुन्हा याच दारात उभे राहायचे. दुसऱ्या खेपेला पुन्हा वजन होई.

उतरण्याच्या खालोखाल साडूंची श्रद्धा "एक बंद पडलं तर?" या प्रश्नावर. उडत्या यंत्रात ज्याच्यावाचून अडेल अशी कोणतीही वस्तू एकच असता कामा नये, हा त्यांचा सल्ला, आणि तो अगदी रास्त आहे. पंचाईत एवढीच, की तो त्यांनी घरालाही लागू केला. दोन मिक्सर, दोन इस्त्र्या, खिशात एकाच नंबरचे दोन चष्मे. मुलीच्या लग्नात त्यांनी गुरुजीही दोन सांगितले होते. एक लग्न लावायला आणि एक राखीव. राखीव गुरुजींना याची आधी कल्पना दिलेली नव्हती. ते आल्या आल्या पूजेची मांडामांड करायला लागले, तेव्हा साडू त्यांना म्हणाले, "आपण बसून घ्या. यांचा आवाज बसला, किंवा यांना काही झालं, तरच आपलं काम." हे त्यांनी पहिल्या गुरुजींच्या देखत सांगितलं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, सकाळभर त्या दोन गुरुजींची समजूत काढत या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. साडूंच्या संसारात ज्यांना राखीव जोड नाही अशा ताईच तेवढ्या. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर "त्याचा विचार राहिला खरा" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

असं सगळं व्यवस्थित चाललेलं असताना एका रविवारी यवतमाळकडची एक मुलगी आली. हिंजवडीतली नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर एका शेडमध्ये एका माणसाचं उडतं यंत्र बनवत होती. आठ पंखे, मधे एक खुर्ची. चालवायचं खालून, रिमोटने. न कुरकुरता काट्यावर चढली, चिठ्ठी घेतली, आणि साडूंनी तोंड उघडायच्या आत कागदांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. "काका, मी पहिले उतरायचंच डिझाइन केलं. वर जायचं अजून पक्कं नाही झालं." साडूंनी कागद हातात घेतले. इतकी शांतता पसरली, की काय झालं बघायला ताई हात पुसत बाहेर आल्या. साडूंनी पहिल्या चष्म्याने कागद वाचले, मग दुसऱ्या चष्म्याने वाचले, आणि त्या दिवशी सव्वाबारापर्यंत ती मुलगी तिथेच होती. चहा दोनदा झाला.

पुढे वर्षभर ती दर रविवारी येत राहिली. साडू हरकती काढायचे, ती त्या दूर करायची. तिने एकही पंखा त्यांच्याशी बोलल्याशिवाय बदलला नाही आणि त्यांनी तिला एकदाही "छान" म्हटलं नाही. शेवटी एक आकडा उरला. "काका, ऐंशी किलो घेऊन आरामात उडून राहिलं ते. आम्ही केलं ना टेस्ट." साडूंनी चार दिवस गणित केलं आणि सांगितलं, बासष्ट. आठांतला एक पंखा ऐन वेळी थांबला तरी माणूस सुखरूप उतरला पाहिजे, आणि तसा तो उतरायचा तर त्याचं वजन अंगावरच्या कपड्यांसकट, चष्म्यासकट बासष्ट किलोंच्या वर नको. बासष्ट किलो तांदळाचं पोतं खुर्चीत बांधून सहा वेळा उडवलं आणि सहाही वेळा ते एक दाणा न सांडता खाली आलं. आता माणूस बसवायचा होता. मुलीला रिमोट सोडता येत नव्हता. तिचे दोन मित्र ऐंशीच्या आसपास होते. कोणीतरी म्हणालं, बाहेरचा एखादा किडकिडीत मुलगा बघू. साडू एकदम तापले. "दुसऱ्याच्या लेकराला माझ्या आकड्यावर बसवायचं नाही. आकडा माझा आहे, बसणार मी."

साडूंचं वजन होतं एकाहत्तर.

हे मला कळलं, कारण मी विमा कंपनीत आहे. पंचवीस वर्षं ज्या माणसाने माझ्याकडून साधी एक पॉलिसी घेतली नाही, तो एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "साडूबुवा, एक शंका आहे. विमा उतरवलेला इसम स्वतःच्याच सल्ल्याने उडाला आणि पडला, तर त्याला तुमच्यात अपघात म्हणतात का?" मी म्हटलं, "त्याला आमच्यात काय म्हणतात ते मला तोंडाने सांगता येणार नाही. पण आपण हे ताईंना सांगितलंय का?" "नाही. ती हरकत घेईल." "मग घेऊ द्या की. आपण उभ्या पुण्यावर घेता." "तिच्या हरकतीवर माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले. "आणि मला एकदा वर जायचंय हो. जन्मभर मी लोकांना खाली बसवलं. एकदा मला माझ्या आकड्यावर वर जायचंय." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका उघडा पडला होता, की कोणाला सांगणार नाही असं मी कबूल करून बसलो.

मग सुरू झालं ते उतरणं. साडूंनी आधी भात सोडला, मग गोड सोडलं, मग रात्रीचं जेवण सोडलं. पुरणाच्या पोळीकडे ते हरकत घेतलेल्या आराखड्याकडे बघावं तसे बघू लागले. शर्ट अंगावर झुलायला लागले. ताई घाबरल्या. काय होतंय विचारलं तर "काही नाही, हलकं वाटतं" म्हणायचे. हलकं वाटतं म्हणजे काय, या विचाराने ताईंची झोप उडाली. ओढून नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या, तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्याने त्यांना आणखीच धसका बसला. नॉर्मल येतात म्हणजे मोठंच काहीतरी असणार आणि हे माझ्यापासून लपवतायत, असं म्हणत त्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडल्या. मी चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभा होतो. "होईल सगळं ठीक," असं मी म्हणालो. मला सगळं माहीत होतं आणि मी एवढंच म्हणालो. माझीच मला लाज वाटली.

तोड आमच्या हिने काढली. "भाकरीच्या पिठात तूप घाल, आमटीत घाल, भाजीत घाल. वरून दिसलं नाही म्हणजे झालं." त्या दिवसापासून सहकारनगरच्या त्या फ्लॅटमध्ये युद्ध पेटलं आणि लढणाऱ्या दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. काटा हलेना म्हणून साडूंनी दोन भाकऱ्यांची एक केली. ते एकच खातात म्हणून ताईंनी तिच्यात दोन भाकऱ्यांचं तूप घातलं. साडू पहाटे उठून तळजाईची टेकडी चढायला लागले, तर उतरल्यावर ताकाचा पेला तयार असे, आणि त्या ताकातलं लोणी काढलेलं नसे. मला दोन्ही गोटांतल्या बातम्या मिळत होत्या. एकाला शब्द दिलेला आणि दुसरीचा सल्ला माझ्याच घरून गेलेला. बोलावं तर दोन्हीकडून जोडे, म्हणून मी गप्प राहिलो.

डिसेंबरात त्या मुलीचा फोन आला. बंगळुरूच्या एका कंपनीने त्यांचं काम उचललं होतं. मंगळवारी यंत्र ट्रकमध्ये घालून कायमचं तिकडे जाणार होतं. म्हणजे साडूंच्या हातात एकच रविवार उरला. बागायतदारांनी लोणी काळभोरला मोकळं रान दिलं, आणि हुरड्याचं आमंत्रण आहे असं सांगून साडूंनी ताईंना, हिला आणि मला गाडीत घातलं. मागून एका टेम्पोत काटा येत होता. हुरड्याला काटा कशाला, असं ताईंनी विचारलं. "मोजून खावा," साडू म्हणाले.

रानात पोचलो तर मधोमध आठ पंख्यांचं ते यंत्र. चारी बाजूंनी दोरांनी जमिनीला बांधलेलं, दोन मजल्यांच्या वर जाऊ नये म्हणून. काटा सपाट जागी मांडला आणि साडू त्यावर चढले. त्रेसष्ट किलो नऊशे. त्यांनी स्वेटर काढला. चपला काढल्याच होत्या, घड्याळ काढलं, पट्टा काढला, दुसरा चष्मा माझ्या हातात दिला. शर्ट काढला. डिसेंबरच्या गारठ्यात बनियनवर कुडकुडत उभे राहिले, तरी बासष्ट सातशे. हुरडा खायला कपडे काढावे लागतात हे ताईंना नवीन होतं. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, नवऱ्याच्या दिसणाऱ्या बरगड्यांकडे पाहिलं, आणि तीन महिन्यांचा उलगडा त्यांना एका क्षणात झाला. "अगं बाई! म्हणजे तुम्ही आजारी नाही?" एवढंच त्या म्हणाल्या आणि बांधावर खाली बसल्या.

"काका, सातशे ग्राम तर आहे फक्त," मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "सातशे ग्रामनं काय हुतंय?" बागायतदार म्हणाले. "मला तर कळत बी न्हाय." साडू काट्यावरून उतरले नाहीत. असं म्हणणाऱ्या किती जणांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं! मला वाटलं, आज एकदा जाऊ द्यावं. कोणी काही म्हणालं नसतं. साडूंनी शर्ट चढवला, खिशातून चिठ्ठी काढली, आणि स्वतःच्या नावावर "हरकत आहे" लिहून, खाली कारण लिहून, तारीख घालून सही केली. मुलीच्या हातात देताना म्हणाले, "सॉरी, बेटा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

"तूप मी घालत होते," ताई बांधावरून म्हणाल्या. "मी सांगितलं होतं," ही म्हणाली. "मला माहीत होतं," मी म्हणालो. ताई उठल्या, चपला काढल्या आणि काट्यावर चढल्या. "माझं चालतंय का बघा." चोपन्न किलो. "तू?" साडू म्हणाले. "भलतंच काय!" "भलतंच काय त्यात? तुम्ही बसणार होतात ते चालत होतं. मला हरकत सांगा. आकड्यात सांगा." साडूंनी साडीचा पदर पंख्यात जाईल ही हरकत सांगितली. मुलीने आपली जादा जीन्स आणि जाकीट दिलं, आणि वयाची साठी उलटलेल्या ताई विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन जन्मात पहिल्यांदा जीन्स घालून आल्या. पुन्हा वजन झालं. आणखी हरकत सापडेना. "एक बंद पडलं तर?" साडू अगदी हळू म्हणाले. "तर काय?" ताई म्हणाल्या. "तुम्ही मोजलंय ना?"

साडू यंत्राभोवती तीन वेळा फिरले. एकेका बोल्टला हात लावून पाहिला. ताईंचे पट्टे स्वतः बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग त्यांनी आयुष्यातली पहिली "हरकत नाही" लिहिली. अक्षर वाचता येत नव्हतं. "किती वेळ, काका?" मुलीने विचारलं. "चाळीस सेकंद. एक सेकंद जास्त नाही." पंखे सुरू झाले, धुरळा उठला, आमची ही डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायला लागली. ताई वर गेल्या. बोल्ट हलतात का बघायचं म्हणून साडू दुर्बीण डोळ्यांना लावून उभे होते. चाळीस सेकंदांनी ताई खाली आल्या. खुर्ची जमिनीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

साडूंनी वही उघडली. "थरथर?" "थोडी." "कोणत्या बाजूला?" "डाव्या." "आवाज?" "फार." मग पेन थांबलं. "कसं वाटलं?" ताईंनी जाकिटाची चेन उघडत खांदे उडवले. "काही विशेष नाही हो. आपल्या गच्चीवरून दिसतं तेवढंच दिसतं. उगाच तुम्ही जिवाला लावून घेतलंत." साडूंनी वहीत लिहिलं, "विशेष नाही," आणि वही मिटली. परतताना ते पुढे माझ्या शेजारी बसून लगेच घोरायला लागले. मागे ताईंनी हिचा हात धरला होता तो हडपसर येईपर्यंत सोडला नाही. कुजबुजत सांगत होत्या, नदी दिसली ग, सगळा ऊस हलताना दिसला, पायाखाली काही नाही आणि भीतीसुद्धा नाही, मला खाली यायचंच नव्हतं. आणि दर वाक्याला, "यांना सांगू नकोस हं. तीन महिने जेवले नाहीत ग ते."

यंत्र बंगळुरूला गेलं ते गेलं. साडूंचं वजन पुन्हा सत्तरावर आलं, रविवारी नऊ ते अकरा दारात चपला दिसू लागल्या, आणि हरकती पूर्वीसारख्याच लेखी मिळू लागल्या. परवा एका रविवारी अकरा वाजून गेल्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. आत ताई कुकर लावत होत्या. साडू एकाएकी म्हणाले, "ही मला खोटं सांगते." मला पुन्हा दोन्हीकडचं माहीत होतं. "दुर्बीण मी बोल्ट बघायला लावली होती. बोल्ट बघितलाच नाही. ही हसत होती हो. अडतीस वर्षं झाली लग्नाला, असं हसताना मी हिला पाहिलेलं नाही." "मग विचारलं नाहीत?" "कशाला? मला वाईट वाटू नये म्हणून सांगते, तर सांगू दे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांना लावला नाही. स्वयंपाकघरातून ताईंनी ताटं घेऊ का म्हणून हाक मारली. साडू उठले, आणि दारापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उगाच चाळीस सांगितले. पन्नास सांगायला हवे होते."